मागच्यासाठी एक

घाट रोडच्या गजघाटेनं डिकीचं अस्तर उचकटलं
आणि हसला.
"मॅडम, कंपनीनं जागा सोडली हाये, दिवा नाई देल्ला."
बंपरमध्ये खरंच एक कोनाडा,
लाल काचेचा, आत काहीच नाही.
स्टिअरिंगच्या बाजूलाही एक बटण, जे दाबलं जात नाही.
सहा वर्षं बसते मी या गाडीत,
मला ती नक्षी वाटायची.

"पण कायले पाह्यजे? धुवारी पडते किती दिवस,
लय झालं तं पंधरा.
समोरचे लावा, पिवळे. झकास दिसते."

कन्हानच्या पुलाचं मी त्याला सांगितलं नाही.
जानेवारी, सकाळचे सहा पन्नास,
मौद्याच्या रुग्णालयात एक्स-रे मशीन तापवायला निघालेली मी.
नदीवरून उठलेलं धुकं रस्त्यावर बसकण मारून,
पुढच्या ट्रकच्या पाठीवरची अक्षरंसुद्धा पुसलेली.
मी वेग कमी केला. शहाण्यासारखा.
तेवढ्यात मागून धप्प.
मोठा नाही आवाज. गादीवर उशी टाकावी तेवढा.

स्कूटरवरचा पोरगा, मफलर कानाला गुंडाळलेला,
रस्त्यावर बसल्या बसल्याच म्हणाला,
"ताई, तुमी दिसल्याच नाई."
तक्रार नव्हती. उलट
माफी मागितल्यासारखं काहीतरी.

मीच नेलं त्याला. मीच उभं केलं प्लेटसमोर,
श्वास रोखून धर म्हटलं,
आणि पडद्यावरच्या करड्यातून त्याची हासळी वर आली,
पांढरी, मधोमध तुटलेली.
नाव निहाल सहारे. राहणार माथनी.
बावीस वर्षं मी लोकांच्या आतलं बघते.
माझ्या मागे कोण असतं,
हे कधी बघितलं नव्हतं.

गजघाटेनं वायर गालिच्याखालून दारापाशी आणली,
फ्यूज बसवला, रिले बसवला,
मग डिकीच्या कोपऱ्यात पॉलिश पेपर घेऊन घासत बसला.
माझ्या गाडीचा चांगला रंग!
"रंग खरवडल्याशिवाय अर्थ लागत नाई, मॅडम."
तो वायरबद्दल बोलत होता.

"दोन लावून टाका मग," मी म्हटलं.
"एकच. उजवीकडं.
दोन लावले तं मागच्याले वाटते, ब्रेक मारला.
अन् धुवारी उठली का बंद करा,
नाई तं शिव्या खासान."

खाल्ल्या. फेब्रुवारीत, महालगावच्या पुढे.
ऊन कधी पडलं, कळलंच नाही.
मागचा टेम्पो डिपर मारत राहिला, मारत राहिला,
मग शेजारून जाताना हात नाचवत काहीतरी बोलला.
काच वर होती, तरी शब्द ओळखीचे होते.
म्हणजे इतका वेळ मी त्याच्या डोळ्यांत
तापलेली सळई धरून चालले होते,
आणि मला वाटत होतं, मी काळजी घेतेय.

गंमत म्हणजे हा दिवा मी कधी पाहिलेला नाही.
पुढचे दिवे माझे. रस्ता दाखवतात, खड्डे दाखवतात.
हा मला काहीच दाखवत नाही.
फक्त बटणावर एक पिवळा ठिपका, डाळीच्या दाण्याएवढा,
की मागे काहीतरी जळतंय.
एकदा संध्याकाळी रुग्णालयाच्या भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली
आणि आरशात बघितलं:
चुन्यावर लाल डाग, ओला असावा तसा.
लगेच बंद केला.

यंदा डिसेंबरात पुन्हा तसंच धुकं.
माथनीपासून मागे एकच दिवा लागला, दुचाकीचा.
जवळ येईना, मागे पडेना.
पुलावर मी चाळीसवर आले, तोही आला.
आम्ही दोघं असे, मध्ये एक दोरी असल्यासारखे,
आणि दोरीचं माझ्याकडचं टोक मला दिसत नव्हतं.

कालव्याच्या रस्त्याला तो वळला.
हॉर्न नाही, काही नाही.
कोण होता, ठाऊक नाही; असतील माथनीत शंभर गाड्या.
पिवळा दाणा जळत होता.
ऊन पडायला अजून दोनेक किलोमीटर होते.